पडद्यावरचं बोट

प्रोजेक्टरच्या पडद्यावर एआयने आमच्या गावच्या बाजाराचं वर्णन लिहिलं होतं आणि एम.ए.चा वर्ग ते मुकाट्याने उतरवून घेत होता. सुरेखा मात्र उठली. पडद्यापाशी येऊन तिने एका ओळीवर बोट टेकवलं. “सर, संध्याकाळी मासळीबाजार गजबजतो, हे चूक आहे. ऊन चढायच्या आत पाट्या रिकाम्या होतात. माझी आई तिथेच मासळी विकायला बसते.”

ती बोलत होती तेव्हा प्रोजेक्टरच्या उजेडात तीच ओळ तिच्या हातावर उमटली होती. हात हलला की अक्षरं वाकडी होत.

हे एआय वर्गाबाहेर ठेवावं, असं मला कालपर्यंत वाटायचं. आता नाही. रोज उघडीन, पण चुका शोधायला; नुसतं उतरवून घेणं बंद.

सुरेखा जागेवर परतू लागली. “थांब,” मी म्हटलं. “पेनं खाली ठेवा सगळ्यांनी. आता बाजार कसा असतो ते सुरेखा सांगेल.”