दोन पदव्यांच्या मधली मी

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विभागप्रमुखांनी आम्हा सिव्हिलच्या सगळ्या मुलांना सांगलीतल्या विश्रामबागच्या कॉलेजातल्या सेमिनार हॉलमध्ये बसवलं आणि एक नवी योजना सांगितली. चौथ्या वर्षातच एम.टेक.चे काही विषय घ्यायचे, ते दोन्हीकडे धरले जाणार, आणि पाच वर्षांत बी.टेक. आणि एम.टेक. दोन्ही हातात. "एक अख्खं वर्ष वाचतं," सर म्हणाले. हॉलमध्ये बहुतेकांनी मोबाइल काढले होते. मी हात वर केला.

मला पाण्याचा विषय आवडायचा. पूल, इमारती यांत माझं मन रमत नव्हतं; सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत मात्र मी डबा खायचं विसरायचे. एम.टेक. पर्यावरण अभियांत्रिकीचं होतं, त्यामुळे फार विचार करावा असं काही वाटलंच नाही. लोणंदला घरी फोन केला. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी प्रमोशन लवकर?"

"तसंच समजा."

"मग घे की. ईचारायचं काय त्यात?"

विचारायचं पुष्कळ होतं, हे चौथ्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. बी.टेक.चा काँक्रीट डिझाइनचा तास आणि एम.टेक.चा सांडपाणी शुद्धीकरणाचा तास एकाच वेळी, दोन वेगळ्या मजल्यांवर. मी बी.टेक.च्या समन्वयकांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही आता एम.टेक.च्या, तिकडे विचारा. तिकडचे सर म्हणाले, तुमची नोंद अजून बी.टेक.ला आहे, वेळापत्रक तेच बदलतील. मी जिन्यावर उभी. शेवटी एक दिवस इथे, एक दिवस तिथे असा माझा मीच तोडगा काढला आणि दोन्हीकडे हजेरी कमी भरली म्हणून दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण साताऱ्याची. तिने हात वर केला नव्हता. "तू दोन बसमध्ये एकेक पाय ठेवून उभी आहेस," ती म्हणायची आणि मला तिचा राग यायचा, कारण ते खरं होतं.

प्रबंधाचा विषय मात्र मी मनापासून निवडला. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं आधी तेलकट द्रावणात बुडवतात आणि मग जाळ्यांवर वाळवतात. ते वापरलेलं द्रावण आणि शेड धुतल्याचं पाणी बऱ्याचदा मागच्या चरात सोडून देतात. ते पाणी किती खराब असतं आणि साध्या उपायाने सुधारतं का, हे मला बघायचं होतं. मार्गदर्शक मॅडमनी ओळखीच्या एका शेडमालकांचा नंबर दिला. मालक वयाने वडिलांएवढे. पहिल्या भेटीत त्यांनी मला शेडच्या दारातच थांबवलं.

"प्रदूषणवाल्यांच्यातल्या का तुमी?"

"नाही हो काका, मी विद्यार्थिनी आहे."

"मग घाण पाणी कशाला न्हेताय? कुणाला दावायला?"

अर्धा तास समजावलं. ते हसले आणि म्हणाले, "न्या. आमाला लय हाय." बाटल्या भरल्या, बर्फ घातलेल्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवल्या आणि सांगलीची एसटी पकडली. कंडक्टरने पेटीकडे बोट केलं.

"ह्यात काय हाय?"

"सांडपाणी."

"आवं, सांगलीत काय कमी हाय का सांडपाणी, म्हणून तासगावचं न्हेताय?"

सगळी बस हसली. मी पेटी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले.

त्या पाण्याची मुख्य तपासणी सोपी असते, पण तिला धीर लागतो. बाटल्या ठरावीक तापमानाच्या कपाटात तीन दिवस ठेवायच्या आणि पाण्यातल्या जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. मी शुक्रवारी बाटल्या ठेवल्या. सोमवारी सकाळी कपाट उघडलं तर आत बाहेरच्या उन्हाळ्याचीच ऊब. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून कुणीतरी जाताना प्रयोगशाळेचं मेन स्विच बंद केलं होतं. वीज वाचवा, असा फलक दारावर होताच. कुणी बंद केलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन रडले नाही, पण आवाज चढला. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा आण." तासगावला फोन केला तर मालक म्हणाले, "हंगाम उरकला की. आता फुडच्या साली या."

पुढच्या साली! ज्या योजनेत वर्ष वाचणार होतं, त्यात माझं एक वर्ष द्राक्षं पिकायची वाट बघण्यात जाणार होतं.

त्याच सुमारास साताऱ्यातल्या एका सल्लागार कार्यालयाने मला मुलाखतीला बोलावलं. गावांच्या पाणीपुरवठा योजनांचं काम. मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्या तासगावच्या कामाबद्दल इतकं खोदून विचारत होत्या की पहिल्यांदाच वाटलं, कुणाला तरी यात रस आहे. त्यांनी नोकरी देऊ केली. जुलैत या, बी.टेक.चा तात्पुरता दाखला घेऊन या. मी बसस्टँडवर उभ्या उभ्याच ठरवलं: पुरे झालं एम.टेक. चार वर्षांवर थांबायचं आणि कामाला लागायचं.

कॉलेजच्या कार्यालयात दाखला मागायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी संगणकात बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला दोन्ही दाखले एकदमच मिळतील. पाचव्या वर्षानंतर."

"मला पाचवं वर्ष नको आहे. मी बाहेर पडते."

"मग बी.टेक.चे दोन विषय राहिले तुमचे. त्यांच्या जागी तुम्ही एम.टेक.चे घेतलेत ना? योजना सोडली की ते बी.टेक.ला चालणार नाहीत. ते दोन द्या, एक सत्र लागेल."

दोन पदव्या लवकर मिळाव्यात म्हणून निघालेली मी, आणि माझ्या वर्गातल्या बाकीच्यांकडे एक होती, माझ्याकडे एकही नव्हती.

घरी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी वडील लोणंदहून रेल्वेने सांगलीला आले, इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. मी नको म्हणत होते. ते थेट विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन खुर्चीत ताठ बसले.

"साहेब, पोरीला आत जायचा रस्ता दावला. भायेर यायचा का न्हाई दावला?"

सर म्हणाले, "योजना नवीन आहे. ही पहिलीच तुकडी. काही गोष्टी चालता चालता लक्षात येतात."

"म्हंजी माझ्या पोरीवर चाचणी घेताय व्हय?"

सरांनी चहा मागवला. विद्यापीठाला विचारतो म्हणाले, आणि खरंच विचारलंही असेल. उत्तर मात्र माझ्यापर्यंत कधी आलं नाही. चहा पिऊन आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, आता वडील म्हणतील, सोड हे सगळं, एक सत्र काढ आणि मोकळी हो. ते बूट बघत म्हणाले, "आता एवढी गेलीयास, तर पुरं कर."

माझा इतका संताप झाला! "मग आत एवढं भांडलात कशाला?"

"भांडायचं ते भांडायचं. पोस्ट सोडून पळायचं न्हाई."

स्टेशनापर्यंत मी त्यांच्या चार पावलं पुढे चालले. फलाटावर त्यांनी माझ्यासाठी दोन केळी घेतली. गाडी आल्यावर ती मी त्यांच्याच पिशवीत कोंबली.

साताऱ्याच्या बाईंना फोन करून नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, आम्हाला थांबता येणार नाही, दुसरं कुणी आहे का? मी खोलीतल्या मैत्रिणीचं नाव दिलं. तिला नोकरी लागली. पेढे घेऊन आली तेव्हा मी दोन खाल्ले आणि मनातल्या मनात जळले.

पाचवं वर्ष मात्र मी रागातच, पण नीट केलं. द्राक्षांचा हंगाम आला तेव्हा शेडच्या मागे मी खडी-वाळूचा एक उथळ हौद बांधून घेतला आणि त्यात कर्दळ लावली. घाण पाणी एका बाजूने आत, मुळांतून झिरपत दुसरीकडून बाहेर. पहिले नमुने चांगले आले. पाण्याचा तेलकट वास कमी झाला होता. मालक वाकून बघायचे आणि म्हणायचे, "ह्ये फुलं लावायचं काम तर आमच्या सुनंनं पण केलं असतं."

एका सकाळी गेले तर हौदात कर्दळीचे नुसते खुंट. मालकांच्या म्हशीने रात्रीतून माझा प्रबंध खाल्ला होता.

"काका!" मी ओरडलेच.

"आवं, मुक्या जनावराला काय कळतंय तुमचं एम.टेक.?"

मी खडीवर बसले आणि हसायला लागले. थांबवेना. मालक घाबरले. घरातून पाणी आणलं, मग स्वतः काटेरी तार आणून कुंपण घालून दिलं. कर्दळ चिवट, पंधरवड्यात पुन्हा फुटली. उशिरा का होईना, आकडे मिळाले.

तोंडी परीक्षा झाली, बाहेरच्या परीक्षकांनी म्हशीबद्दलच जास्त प्रश्न विचारले. मग निकाल अडकला, कारण विद्यापीठाच्या संगणकात मी अजून बी.टेक.च्या चौथ्या वर्षात होते. तो सुटेपर्यंत दिवाळी आली. वाचलेल्या वर्षातलं अर्धं तिथेच गेलं.

दोन्ही दाखले घेऊन मी पुन्हा साताऱ्याच्या त्याच कार्यालयात गेले. बाईंनी घेतलं. जागा होती कनिष्ठ अभियंत्याची, बी.टेक.वाल्यांना देतात तीच. एम.टेक.चं काही वेगळं धरत नाही, म्हणाल्या. पहिल्या दिवशी मला जिच्या हाताखाली दिलं ती माझी मैत्रीण. ती मला योजनेचे नकाशे कसे वाचायचे ते समजावत होती, मीही मान हलवत होते. मध्येच थांबून तिने विचारलं, "राग आलाय का गं?"

"लय," मी म्हणाले.

तिने डबा पुढे सरकवला. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, या गावाचं सांडपाणी कुठे जातं. तिला माहीत नव्हतं. नकाशात ते कुणी दाखवलंच नव्हतं. आम्ही दोघी नकाशावर वाकलो.