आरपार दगड

वायरमननं समुद्राकडं जायचं काढलं तेव्हाच मला नको वाटलं.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. पण ओळंबा न लावता, नुसत्या नजरेनं भिंत कुठं कलली ते आजही सांगतो, आणि माझं चुकलं असं म्हणणारा माणूस लातूर जिल्ह्यात मला अजून भेटायचा आहे. किल्लारीच्या पलीकडं आमचं गाव. भूकंपात जुनं गाव पडलं, सरकारनं नवं वसवलं. वायरमन माझा पोरपणापासूनचा दोस्त. वीज मंडळात लाइनमन होता, पण गावाला लाइनमन शब्द जमला नाही, म्हणून वायरमन. मी मिस्त्री. दोघांचीही खरी नावं आता फक्त रेशनकार्डावर उरलीत.

त्याचं जुनं घर मीच बांधलं होतं. काळा दगड आणि माती, वर मातीचं सपाट माळवद. त्या घराची मधली भिंत पडून त्याची आई गेली. तो त्या दिवशी कामावर होता. बायको-लेकरं तिच्या माहेरी होती. म्हातारी एकटीच सापडली.

आमच्याकडची दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या अंगाची, मधे गोटे आणि माती भरलेली. माझ्या वस्तादानं मला शिकवलं होतं, दर दोन हातांवर एक लांब दगड आडवा घालायचा, ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत. त्याला आरपार म्हणायचं. तो दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. मी सगळ्यांच्या भिंतीत आरपार घातले. वायरमनच्या मधल्या भिंतीत नाही घातले. लांब दगड खाणीतून येईना, आलेले दोन घडवताना फुटले, मृग तोंडावर आला होता आणि निलंग्याला दुसरं काम माझी वाट बघत होतं. म्हटलं मधली तर भिंत आहे, तिला काय होतंय.

मी बांधलेली दुसरी दोन घरं भूकंपात तडे जाऊन का होईना, उभी राहिली. त्याची भिंत पोट फुटून पडली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती गेली, तिच्यासोबतही ते गेलं नाही.

"मिस्त्री, दीपगृह बघायला जाऊ," एक दिवस तो माझ्या शेडात येऊन म्हणाला. मी अजून पत्र्याच्या शेडातच झोपतो. सरकारचं पक्कं घर शेजारी आहे, त्यात लेक-सून आणि धान्य.

"दीपमाळ म्हण की. दीपगृह काय?"

"दीपमाळ न्हाई रे. समुद्राच्या कडंला मनोरा आसतोय, त्याच्यावर बल्ब. कोसाकोसावरनं जहाजाला दिसतोय. म्या सारी उमर बल्ब लावले, शेजारच्या गल्लीत उजेड पडला तरी लोकं मेहेरबानी समजायचे. म्हणलं बघू तरी कसला बल्ब हाय त्यो."

"नातवाला घेऊन जा."

"नातवासंगं काय बोलू? त्यो मोबाइल बघतोय, म्या त्याला बघतोय. तू चल. दोघंच जाऊ. शनिवार-रविवार."

दोघंच, हा शब्द मला टोचला. इतक्या वर्षांत हा माणूस मला घेऊन दोघंच कुठं गेला नव्हता. त्याला काहीतरी कळलंय, विचारायचंय आणि गावात विचारायचं नाही, असं माझ्या मनानं घेतलं. नाही म्हणालो असतो तर मी भ्यालो असं झालं असतं. म्हणून गेलो.

शुक्रवारी रात्री एसटीनं निघालो. लातूरहून कोल्हापूर, कोल्हापूरहून घाट उतरून रत्नागिरीकडं. घाटात पाऊस असा की काचेबाहेर नुसतं पांढरं. आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो. तिथला तर मुक्कामालाच आलेला. मी खिडकीशी आणि तो शेजारी. एकदा म्हणाला, "मिस्त्री, एक इचारायचं हुतं."

मी म्हणालो, "इचार की."

"सुनंनं दशम्यासंगं ठेचा दिलाय का नुसतंच लोणचं?"

"ठेचा हाय."

"मग काढ की. कवाधरनं काय धरून बसलास पिशवी."

असंच दोन दिवस चाललं. तो तोंड उघडायचा आणि मी दुसरीकडं बघायला लागायचो.

तीन दीपगृहं बघायची होती. पहिलं शनिवारी दुपारी चारला उघडणार होतं. मी दगडी इमारतीत जात नाही. भूकंपापासून नाही. गुडघ्याचं कारण सांगतो, लोक मानतात. पण पाऊस असा आडवा आला की पहारेकऱ्यानं सगळ्यांना आत घेतलं. मी उंबऱ्यावर उभा राहिलो, एक पाय आत, एक बाहेर. आठ-दहा माणसं होती, पुण्याकडची वाटली. वायरमन दीपगृहवाल्याशी वॅट आणि व्होल्ट बोलत होता.

आणि खालून आवाज आला. पायाखालून, लांबून, घुम्म असा. आमच्या भागात हा आवाज ज्यानं ऐकलाय तो विचार करत बसत नाही. मी ओरडलो, "भाईर व्हा. समदे भाईर." एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, तिच्या दंडाला धरून मी तिला पावसात ओढलं. एका माणसाला ढकललं. तीन-चार जण खरंच पळाले.

बाहेर कुणालाच काही हललेलं वाटलं नाही. परत आवाज आला. घुम्म. दीपगृहवाला दारात येऊन शांतपणे म्हणाला, "आजोबा, लाट आहे ती. खाली खडकात कपार आहे, तिच्यात शिरते. पावसाळाभर हे असंच."

त्या बाईच्या नवऱ्यानं मला विचारलं, "थोडी घेऊन आलात का काका?" बाकीचे हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वायरमन मधे पडला.

"ओ साहेब, आम्ही किल्लारीकडचे हाव," एवढंच तो म्हणाला. तो माणूस चाळिशी ओलांडलेला होता, त्याला भूकंप आठवला. त्यानं मान खाली घातली.

वायरमन वर गेला नाही. म्हणाला, उद्या दुसरं बघू. माझ्यासाठी त्यानं ते सोडलं, आणि त्याच्या त्या चांगुलपणानं मी आणखीच बेजार झालो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लॉजवर तो म्हणाला, "कडी लाव."

"मी कडी लावत न्हाई."

"ही काय तुझी शेड हाय का? चपला उचलतील."

"उचलू दे."

"तुझ्या जातील, माझ्या नव्या हायत."

त्यानं आपल्या चपला उशाशी घेतल्या आणि दार उघडंच राहू दिलं. मी दारापाशी गादी ओढली. तो लगेच घोरायला लागला. मी पडल्या पडल्या समोरची भिंत बघत होतो. जांभ्या दगडाची, वर नुसता चुन्याचा हात. त्या मिस्त्रीनं कुठंही सांध्यावर सांधा येऊ दिला नव्हता. दुसऱ्याची भिंत चांगली निघाली की मला आधी बरं वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं.

रविवारी सकाळी दुसऱ्या दीपगृहाला गेलो तर फाटकाला कुलूप. आत दुरुस्ती. नुसता वरचा लाल-पांढरा शेंडा ढगात दिसला, तोही क्षणभर. टपरीवर चहा घेतला.

"कालपासनं तू माझ्याकडं बघतच न्हाईस," वायरमन म्हणाला.

"पाऊस डोळ्यात जाऊन राहिलाय."

"टपरीत?"

मी पेला ठेवला आणि रिक्षा बघायला उठलो.

तिसरं दीपगृह खाडीच्या तोंडाशी. तिथं दोन मनोरे. एक नवा, सिमेंटचा, चालू. त्याच्यामागं एक जुना, दगडी, अर्धा ढासळलेला. त्याची एक बाजू सुऱ्यानं कापावी तशी वरपासून खालपर्यंत उघडी पडली होती. भिंतीचं पोट दिसत होतं. आतला थर, बाहेरचा थर, मधे भर, आणि दर दोन-अडीच हातांवर एक लांब दगड आडवा, ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. शंभर पावसाळे खाल्लेली भिंत, पण उरलेली होती तेवढी सरळ उभी.

मी तिथं थांबायला नको होतं. नव्या मनोऱ्याकडं निघून जायचं. पण भिंत दिसली की माझे पाय थांबतात, त्याला मी काय करू.

वायरमन छत्री घेऊन माझ्या शेजारी आला. तोही बघत राहिला. मग बोट करून म्हणाला, "मिस्त्री, हे मधीमधी लांब लांब दगड कशाला घातलेत रं?"

त्याच्या तोंडाकडं बघितलं. काही नव्हतं त्यात. खरंच विचारत होता. दोन दिवस मी ज्या प्रश्नाला भीत होतो तो त्याच्या डोक्यातही नव्हता, आणि आता त्यानंच तो विचारला होता. 'शोभेला' म्हणालो असतो तरी त्यानं मानलं असतं. विजेतलं मला कळत नाही, दगडातलं त्याला कळत नाही.

"ह्याला आरपार म्हणतात," मी म्हणालो. "भिंतीची दोन अंगं धरून ठेवतोय. हा नसला तर हादऱ्यानं भिंत मधनं फुगते आणि दोन्हीकडं पडते."

"आसं."

"तुझ्या मधल्या भिंतीत म्या घातले नव्हते."

छत्रीवर पाऊस वाजत होता. त्याला ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून परत सांगितलं, जरा मोठ्यानं. सगळं सांगितलं. खाण, फुटलेले दोन दगड, निलंग्याचं काम. बाकीच्या घरांत घातले होते हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर त्याला सोपं गेलं असतं, पण अर्धं सांगणं मला जमलं नाही.

तो त्या भिंतीकडंच बघत होता. मग म्हणाला, "घरभरणीला आईनं तुला धोतरजोडी दिली हुती."

"व्हय."

"नेसलास?"

"नेसलो."

त्यानं छत्री मिटली आणि पावसातून नव्या मनोऱ्याकडं गेला. तिकीट काढलं, एकच. मी बाहेर उभा. आत लोखंडाचा गोल जिना, वर चढणाऱ्याच्या पायांचा आवाज येत होता. तो थांबला की माझा जीव घाबरा व्हायचा, परत सुरू झाला की आणखी. मला उभं राहवेना. मी तिकीट घेतलं आणि आत शिरलो. धाडस वगैरे काही नव्हतं. त्याचं उत्तर वर गेलं होतं, म्हणून मी गेलो. गुडघे खरंच दुखले. शेवटची लोखंडी शिडी चढताना दोन्ही हातांनी धरून, पोरासारखा.

वर काचेच्या खोलीत तो दीपगृहवाल्याशी बोलत उभा होता. मधे माणसाएवढी काचेची भिंगं, आणि त्यांच्या पोटात बल्ब. मुठीत मावेल एवढा. दीपगृहवाला सांगत होता की उजेड बल्बचा कमी, भिंगाचा जास्त.

"एवढाच?" वायरमननं विचारलं.

"एवढाच."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. खाली समुद्र आणि आभाळ एकच झालं होतं. काचेकडंच तोंड ठेवून तो म्हणाला, "अर्धापूरला अक्का हाय. तिचीपण आई हुती. तिला तू सांगायचं. म्या सांगणार न्हाई."

"सांगतो."

"माझ्यासमोर."

"व्हय."

परतीच्या गाडीत तो पुढच्या बाकड्यावर बसला, मी मागं. दशम्या उरल्या होत्या. कुणी खाल्ल्या नाहीत.

पुढच्या रविवारी अर्धापूरला गेलो. नांदेडपर्यंत एका गाडीत, पुढं जीपमधे. अक्का वायरमनची थोरली बहीण, पाच-सहा वर्षांनी मोठी. केळीच्या बागेच्या कडेला घर, ओसरीत घड उतरवून ठेवलेले. तिनं आधी पाणी दिलं, मग "मिस्त्री, लई वाळलास" म्हणाली, मग समोर बसली. मी उभ्यानंच सांगितलं. बसून सांगवेना. वायरमन जमिनीकडं बघत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. झाल्यावर विचारलं, "केवढा आसतोय त्यो दगड?"

मी दोन्ही हात फाकवून दाखवले. दोन हात लांबी.

ती माझ्या हातांच्या मधली जागा बघत राहिली. मला हात खाली घेता येईनात. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. आत भांड्यांचा आवाज आला. वायरमननं एक घड पायानं जरासा बाजूला सारला, माझ्यापुरती जागा झाली. "बस," म्हणाला.

मी बसलो. आतून चहा येईल की शिव्या येतील, दोघांनाही माहीत नव्हतं.