डबा विचारणारा चौकीदार

मिल बंद पडल्या, त्या सुमारास माझ्या मुलीच्या शाळेने आपला चौकीदार काढून फाटक ठेकेदाराकडे दिलं. ठेकेदाराने मिलच्या गेटवरचा एक म्हातारा धाडला. निळा शर्ट त्याला ढगळ व्हायचा. मिलमध्ये उभी हयात झडती घेण्यात गेलेली. बोलताना हात आपोआप समोरच्याच्या खिशांकडे जायचे.

पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी न्यायला गेलो, तर त्याने मुलीला पाठीमागे घेतलं आणि मला विचारलं, "हिच्या डब्यात आज काय होतं?"

"अहो, मी बाप आहे हिचा."

"बाप तर कोणीपण म्हणेल भिया. मी आजच आलो, कोणाला ओळखत नाही. डब्याचं बोला."

डबा बायको भरते, मला काय ठाऊक? मी छाती पुढे काढून बापाच्या हक्कावर भाषण ठोकलं. मुलगी खुदखुदत राहिली. वर्गाच्या बाई येईपर्यंत मी उन्हात उभा.

मग मी रोज डबा विचारूनच निघायचो. एका सोमवारी 'पराठा, कैरीचं लोणचं' घोकत पोचलो. शर्ट तोच ढगळ निळा, आत माणूस दुसरा. मी तोंड उघडायच्या आत त्याने फाटक उघडलं.

"ले जाओ भिया. कौन-सी है आपकी?"

मुलीचा हात मी इतका घट्ट धरला की ती कळवळली. मागे वळून पाहिलं. फाटक तसंच सताड उघडं होतं आणि बाकीच्या मुली रांगेत उभ्या होत्या.