शिंपल्यांची मोजणी आणि आईच्या हातातली दोरी

कोकणच्या समुद्रात तळाशी स्कॅलप नावाचे पंख्याच्या आकाराचे शिंपले असतात. ते कुठे आहेत, किती उरलेत, हे पाहणं माझं काम. तळावर दोरी अंथरायची, तिच्या कडेकडेने पोहत जायचं, दिसेल तो शिंपला मापायचा आणि होता तिथेच ठेवायचा. माहेरी भिलाईला गेले आणि आमच्या सेक्टरमध्ये हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘फिर बेचते किसको हो?’’

आई मात्र काहीच विचारत नसे. एकदा सुट्टीत घरी आले असताना जेवता जेवता मी तिला सहज सांगून बसले, की मागच्या पाहणीत कमरेची दोरी सुटून प्रवाहाने मला बोटीपासून बरंच लांब नेलं. मी ते हसत सांगत होते. आईचा हात ताटातच थांबला.

‘‘मंग?’’

‘‘मग बोट आली शोधत. काही झालं नाही, आई.’’

तिने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘तुझे बाबा भट्टीवर होते तवा मी अशीच बसून रायची. प्लांटमधून सायरन वाजला का दारात येऊन उभी रायची. कोणाले विचारावं, तेच कळे नाही. आता तुह्यासाठी बसून राहिली.’’

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर होते. ते घरी येत तेव्हा चहा तयार असे, एवढंच मला आठवत होतं. चहा ठेवण्याआधीची आई मी कधी पाहिली नव्हती. नोकरी सोड असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती, तर मला भांडता तरी आलं असतं.

‘‘चल, दाखवते तुला मी काय करते ते,’’ मी म्हटलं.

स्कूटरवर तिला मागे बसवून दुर्गच्या पलीकडे शिवनाथ नदीवर नेलं. थंडी संपत आली होती, पाणी संथ होतं. नदीतही शिंपले असतात, काळपट, चिखलात अर्धे रुतलेले. मी कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. ‘‘मी एकदा ओढलं की समजायचं, बरी आहे. तूही एकदा ओढायचं. दोनदा ओढलंस तर मी वर येईन.’’

मी बुडी मारली आणि तळापर्यंत पोचायच्या आतच दोन हिसके बसले. वर आले.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. दिसून नव्हती राहिली.’’

पुन्हा गेले, पुन्हा दोन हिसके. तिसऱ्यांदा मी खालून लगेच एकदा ओढलं. थोडा वेळ काहीच नाही. मग वरून एक हलकी ओढ आली. त्यानंतर आमचं जमत गेलं. बरेच शिंपले वर आणून तिला दाखवले, मापले आणि परत नेऊन ठेवले. काठावर परतले तेव्हा तिने दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. तिथे लाल वळ उठले होते.

चहा पिताना तिने विचारलं, ‘‘तिकडं दोरी कोण धरते?’’

आमच्या बोटीवर साठीकडे झुकलेले एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, आहेत, तेच धरतात. मी तसं सांगितलं.

‘‘लाव त्याईले फोन.’’

मी लावला. आई त्यांना म्हणाली, ‘‘भाऊ, माह्या पोरीची दोरी तुमी धरता म्हणे. तिले उशीर झाला तर मी कोणाले विचारू?’’

पलीकडून त्यांचा संथ आवाज आला, ‘‘माका इचारा. चेडवाची काळजी करू नकात.’’

आईने फोनवर हात ठेवला. ‘‘चेडू म्हणजे काय वो?’’

‘‘पोरगी.’’

‘‘हं,’’ म्हणाली, आणि पुढे बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिली. ते मालवणीत, ही वऱ्हाडी-नागपुरीत. किती कळलं कोण जाणे.

आठवड्याने मी कामावर परतले. आता पाहणीच्या दिवशी तिचा फोन आधी तांडेलांना जातो, मग मला. पुढच्या सुट्टीत घरी निघाले तेव्हा त्यांनी माझ्याबरोबर तिच्यासाठी आमसुलं पाठवली. तिने वरणात घातली. फार आंबट झालं म्हणून त्यात गूळ ढकलला, आणि ‘तुमच्याकडं असंच करतात का’ हे विचारायला पुन्हा त्यांनाच फोन लावला.