मोलेफीच्या गाडीचं डावं चाक

मोलेफी गेला, आणि सोन्याच्या खाणींशेजारच्या आमच्या क्वाथेमा वस्तीतल्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: गाडी कोण फिरवणार? आमच्याकडे गाडी फिरवणाऱ्या माणसाला मुकाट्यानं पोचवत नाहीत. त्याची शवपेटी घराबाहेर आली की त्याचीच गाडी चौकात गोल गोल फिरते, धूर करते, आणि मग लोक गाणी म्हणत स्मशानाकडे निघतात. मोलेफीनं स्वतः किती जणांना असं पोचवलं होतं, त्याला मोजदाद नाही.

उत्तर तसं ठरलेलंच होतं. त्याची मुलगी दिनेओ फिरवणार. बापानंच तिला शिकवलं होतं. गाडी पेटीसारखी चौकोनी, लाल, जुनी. पण मोलेफीनं तिच्यात मोठं इंजिन बसवलेलं, आणि ती सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांत जायची.

बुधवारी ती गाडी घेऊन खाणीच्या मातीच्या टेकडीमागे गेली. तिथं जुन्या बसतळाचा डांबरी तुकडा अजून शाबूत आहे. मी, भेकी, वेल्डिंगचं दुकान चालवतो. हत्यारं घेऊन बरोबर गेलो होतो. दिनेओनं क्लच सोडला आणि चाकं फिरायच्याऐवजी गाडीचं ढुंगण उडायला लागलं. धाडधाडधाड, जणू खालून कुणी घण घालतंय. आरसा निखळून तिच्या मांडीवर पडला. तिनं गाडी थांबवली आणि आरसा उचलून शेजारच्या सीटवर ठेवला.

"बाबांच्या हाताखाली ही अशी कधीच उडाली नाही, भेकीदादा."

मग गल्लीतल्या प्रत्येकाला काहीतरी सुचलं. कुणी म्हणालं शॉकअब्सॉर्बर गेलेत, ते बदलले. कुणी म्हणालं टायर. टायर बदलले, हवा कमी केली, जास्त केली. शेवटी चाक धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुशसुद्धा नवे घातले. गाडी उडायची ती उडतच राहिली. असं चाक उडत असताना जोर दिला तर दांडा तुटतो, आणि गाडी माणसांत घुसते. चौकात तर गल्लीभर माणसं उभी राहणार.

मोलेफीचे चुलतभाऊ रामोखेले घरातले वडीलधारे. ते म्हणाले, "राहू द्या गाडी. गाणी म्हणू आणि नेऊ. एकाला पुरायला जाऊन चार पुरायला नकोत."

बोलणं खोटं नव्हतं. दिनेओ ताट तसंच ठेवून अंगणात जाऊन बसली.

तेव्हा मामोकेते उठली. मोलेफीची थोरली बहीण. दिनेओची राकगाडी, त्यांच्या भाषेत आत्या. आणि दिनेओचं ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांचीच आत्या. सोन्याच्या खाणीत माणसं खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा असतो. त्याला कुठं चीर गेली आहे का, हे बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. खाण बंद पडल्यापासून ती कोंबड्या पाळायची आणि पालेभाजी लावायची. भावाच्या गाडीकडं तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"मला दाखव," ती दिनेओला म्हणाली.

"आत्या, तुला गाड्यांतलं काय कळतं?"

"गाड्यांतलं काही नाही. चल."

डांबरावर पोचल्यावर आत्यानं चटई अंथरली आणि गाडीपासून थोडी लांब, कुशीवर आडवी झाली. गाल जमिनीला टेकलेला, डोळे बरोबर चाकाच्या उंचीवर.

मी म्हणालो, "आत्या, चाक सुटून आलं अंगावर तर?"

"तू वेल्डर आहेस ना? जोड मग मला."

दिनेओनं जोर दिला. रबर जळल्याचा वास, खडे उडताहेत, आणि आत्या पापणी न हलवता बघत होती. पुन्हा करायला लावलं. मग पलीकडच्या बाजूनं बघितलं. उठून पदरासारखी शाल झटकली आणि म्हणाली, "दोन्ही उडत नाहीत. डावं उडतं. उजवं नुसतं त्याच्या नादाला लागतं."

आम्ही इतके जण इतका वेळ बघत होतो. आम्हाला नुसतं उडणं दिसलं होतं.

"तीन पायांच्या भांड्यात मक्याच्या पिठाचं घट्ट पाप घोटतेस ना," ती दिनेओला सांगत होती, "त्यातला एक पाय खाली नीट टेकलेला नसला की काय होतं? पळी अडते, भांडं कलंडतं, पळी सुटते, भांडं परत आदळतं. तसंच हे. टायर रस्ता पकडतो, दांडा वाकडा ओढतो, टायर सुटतो, दांडा परत येऊन आपटतो. डावीकडचा पाय कुठंतरी टेकलेला नाही."

जॅक लावून गाडी उचलली. मी खाली शिरून पहारीनं एकेक जागा हलवून बघितली. सगळं घट्ट.

"काहीच ढिलं नाही, आत्या."

"बसल्या जागी सगळेच गुणी असतात. कामाला लावल्यावर कळतं. चुना आण."

तिनं गाडीखालची डावी बाजू तारेच्या ब्रशनं घासून घेतली. दांडा जिथं आडव्या तुळईला जोडलेला असतो तिथं चुन्याचा पातळ हात दिला आणि उन्हात वाळू दिला. मग दिनेओला म्हणाली, "आता हाण. भिऊ नकोस."

गाडी उडाली, आपटली, थांबली. आत्या टॉर्च घेऊन खाली गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग तिचा हात बाहेर आला. मला बोलावत होता.

पांढऱ्या चुन्यावर एक काळी रेघ उमटली होती. केसाएवढी. तेवढाच चुना झडला होता, बाकी सगळा जागच्या जागी. मी त्यावर नख फिरवलं. नखाला काही लागलंसुद्धा नाही. गाडी उभी असली की ती चीर मिटलेली, जोर आला की उघडणारी. माझा जन्म लोखंड जोडण्यात गेला, पण लोखंड असं तोंड उघडून बोलतं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

रामोखेले आले होते. तेही कोट काढून चटईवर आडवे झाले.

"हे? एवढंसं?"

"पिंजऱ्यालासुद्धा एवढंसंच असायचं, न्ताते," आत्या वडीलधाऱ्यांना द्यायच्या मानानं म्हणाली. "आत माणसं भरलेली असायची."

रामोखेले लगेच उठले नाहीत. हात लांब करून बोटानं त्यांनी ती रेघ एकदा चाचपली.

पुढचं काम माझं. दांडा उतरवला, चीर तळापर्यंत घासून काढली, तिच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली म्हणजे ती पुढं पळणार नाही, मग भरली, आणि वरून जाड पत्रा जोडला. आत्या शेजारी डबा उपडा घालून बसली होती. एकदाच बोलली: "घाई नको, बाळा. थंड होऊ दे." पुन्हा चुना, पुन्हा डांबर. दिनेओनं जोर दिला आणि मागची चाकं एका सुरात फिरू लागली. खाली चुना अखंड होता.

शनिवारी सकाळी पेटी दारातून बाहेर आली. लोकांनी चौक मोकळा केला. दिनेओ काळा पोशाख घालून गाडीत बसली, आणि ती लाल गाडी जागच्या जागी अशी वळली की मला वाटलं जमीनच तिच्याखाली फिरते आहे. धुरात घरं गेली, माणसं गेली, पेटी गेली. उरला फक्त तो आवाज, कुठंही न अडखळता चढत जाणारा. बायांनी जो हुंकार दिला तो छातीत घुमला. शेजारच्या म्हातारीनं माझा दंड घट्ट धरला होता, नि तो सोडायचं तिला भानच नव्हतं.

आत्या पुढं, अगदी कडेला उभी होती. सगळे गाडीकडं बघत होते. तिची नजर डाव्या चाकावर होती. धूर इतका दाट झाला की ते चाकही दिसेना, तेव्हा तिनं डोळे मिटले आणि मान किंचित कलती करून ऐकत राहिली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते धुरानं की कशानं, मी विचारलं नाही.

गाडी थांबली. धूर हळूहळू वर गेला.

मग रामोखेल्यांनी खोकत खोकत गाण्याची पहिली ओळ उचलली.