रविवारी मोटर लावायची नाही

रविवारी सकाळी दादाच्या घरून कधी फोन येत नसे. आमच्या भावंडांत हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी आंघोळ झाली की दादा कंप्युटरपुढे बसायचा आणि ते काम उरकेपर्यंत घरात सगळ्यांनी फोनवरसुद्धा हळू बोलायचं. म्हणून त्या रविवारी अमरावतीत मी कणीक मळत असताना फोनवर वहिनीचं नाव दिसलं, तेव्हा मी तो कणकेच्या हातानंच उचलला. "शोभाताई, तुमच्या दादाले दवाखान्यात नेलं," एवढंच ती बोलली. कणकेचे हात कसेबसे धुऊन मी बस स्टँड गाठला. बस मूर्तिजापूरला थांबली आणि दुसरा फोन आला… तो मी घेतलाच नाही. घेतला नाही तर काही बिघडणार नाही, असं काहीतरी वेडं त्या वेळी वाटलं असावं. अकोल्यात दादाच्या अंगणात चपलांची गर्दी दिसली आणि मग कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

गजानन, माझा थोरला भाऊ. आमचं घराणं फुलांचं. पातूरकडे वडिलांचा मळा होता, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. दादानं पुढे अकोल्यात फुलांचं दुकान टाकलं. पण त्याचा जीव फुलांपेक्षा यंत्रांत. त्याला कारण होतं. आम्ही लहान असताना विहिरीवरची मोटर जळली. तिच्याकडे वेळच्या वेळी पाहायला हवं होतं, ते कुणी पाहिलं नव्हतं. दुसरी मोटर येईपर्यंत ऐन दिवाळीच्या तोंडावर शेवंती उभ्या उभ्या वाळली. वडील बांधावर बसून राहिले, आणि दादा त्यांच्याकडे पाहत होता. तेव्हापासून हा माणूस तेलाची कुपी घेऊन जन्माला आल्यासारखा वागू लागला. दाराच्या बिजागऱ्या, स्कूटर, फवारणीचा पंप, कूलरचा पंखा, शेजाऱ्यांची शिलाई मशीन, काही सुटायचं नाही. "वस्तू नीट ठेवली तं ते मरत नाई, शोभे," हे त्याचं आवडतं वाक्य. आम्ही त्याला 'तेल्या' म्हणून चिडवायचो.

कंप्युटर आला तो त्याच्या मुलीच्या, पल्लवीच्या, शिक्षणासाठी. ती शिकून पुण्याला नोकरीला गेली, कंप्युटर दादाकडे राहिला. मध्यंतरी कंप्युटर फार हळू चालू लागला. दुरुस्तीवाल्यानं येऊन सांगितलं, आतल्या हार्ड डिस्कवरची माहिती विस्कटली आहे, अधूनमधून डीफ्रॅग करत जा, म्हणजे ती पुन्हा जुळते. दादाला आणखी काय हवं होतं? अधूनमधूनचं त्यानं दर रविवार केलं. पडद्यावर बारीक रंगीत पट्ट्या दिसायच्या. लाल म्हणजे विखुरलेलं, निळं म्हणजे जुळलेलं, पांढरं म्हणजे रिकामं. मी एकदा विचारलं, की हे नेमकं करतं तरी काय? तो म्हणाला, "आपण शेवंती तोडतो तवा हातात येईल ते फूल पाटीत टाकतो का नाई? मंग बसून निवडा लागते. मोठं मोठ्यात, बारीक बारीकात. हे तेच करून राहिलं." एवढं सांगून तो पुन्हा पडद्याकडे वळला. लाल पट्टी निळी व्हायची तसा त्याचा चेहरा सैल व्हायचा.

पण त्याआधी सगळ्या घराला घोर. मध्येच लाइन गेली तर? व्होल्टेज पडलं तर? घरात इन्व्हर्टर होता तरी त्याचा विश्वास नव्हता. त्यामुळे रविवारी सकाळी पाण्याची मोटर लावायची नाही, मिक्सर लावायचा नाही, इस्त्री नाही. चटणी पाट्यावर. पाहुणे असोत की जावई असो, टाकी रिकामी असेल तर बादलीनं पाणी घ्या. कुणी कुरकुर केली की खोलीतून आवाज यायचा, "चूप बसा. जुळून राहिलं." आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

एका दसऱ्याची गोष्ट आठवते. आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक यंत्राला हार. घरचाच झेंडू, वहिनीचा हात सढळ. तिनं कंप्युटरच्या डब्यालाही हळदकुंकू लावून मनगटाएवढा जाड हार घातला, मागून पुढून दोन वेढे. योगायोगानं तो रविवार होता. दादानं पूजेनंतर डीफ्रॅग लावलं. डब्याच्या मागचा पंखा हाराखाली दबून गेलेला, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं डबा तापला आणि अर्ध्यातच सगळं बंद पडलं. दादाचा चेहरा पांढराफटक. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा तो डब्याला हात लावून बसला. हार काढला, कूलरचं तोंड तिकडे फिरवलं. सोनं वाटायला आलेल्या माणसांना दारातूनच परत पाठवलं. तासाभरानं कंप्युटर चालू झाला तेव्हा कुठे तो जेवला. वहिनीला एवढंच म्हणाला, "फूल वाह्य, पण त्याचं नाक नोको दाबत जाऊ." त्यानंतर दर रविवारी डब्यावर एकच फूल असायचं.

त्याच्या भीतीला आम्ही हसायचो खरे, पण तिचा फायदा आम्हीच घेत होतो. लग्नं, बारशी, साठीशांती, सगळ्या घरांचे फोटो दादा मागून घेऊन त्या कंप्युटरमध्ये ठेवायचा. जुने अल्बम स्कॅन करून आणायचा. मग आम्ही निर्धास्त. मोबाइल भरला की पुसून टाका, दादाकडे आहेत. माझ्या घरी अल्बमला वाळवी लागली तेव्हा मी रडलेसुद्धा नाही, कारण तो अल्बम दादानं आधीच नेऊन स्कॅन करून आणला होता. त्यात आईचा एक फोटो होता. आई फोटो काढू द्यायची नाही. मळ्यात शेवंती तोडताना कुणीतरी अचानक टिपलेला, पदर तोंडाशी नेत हसणारी आई. हसणाऱ्या आईचा तेवढाच एक. आता तो फक्त त्या डब्यात होता. आणि दादानं, ज्यानं आयुष्यभर प्रत्येक बिजागरीला तेल घातलं त्यानं, या सगळ्याची दुसरी प्रत कधी केलीच नव्हती. नीट ठेवलेली वस्तू मरत नाही, यावर त्याचा एवढा विश्वास होता.

त्या रविवारी डीफ्रॅग चालू असतानाच त्याच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दारातून निघताना तो वहिनीला म्हणाला, "ते बंद नोको करू. होऊ दे पुरं." हे त्याचं शेवटचं बोलणं. बी.पी.च्या गोळ्या तो वेळेवर घ्यायचा, रोज फिरायला जायचा, डॉक्टरांचं सगळं ऐकायचा. स्वतःलाही त्यानं नीटच ठेवलं होतं. तरी गेला. हे मला अजून पचत नाही, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. नीट ठेवलेला माणूस जर असा जातो, तर त्या डब्याचा काय भरवसा?

कारण वहिनीनं तो डबा बंद केलाच नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले, तरी खोलीत घरघर चालूच. पडद्यावर चौकट तशीच उघडी होती, काम पूर्ण झालं, बंद करा, असं इंग्रजीत लिहिलेली. वहिनी सकाळी पदरानं टेबल पुसायची, माऊस जरासा हलवून पडदा उजळला की पाहायची आणि डब्यावर एक फूल ठेवायची. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. वैशाखात भिंती दुपारी हात लावू देत नाहीत. वहिनीनं कूलरचं तोंड डब्याकडे केलं आणि स्वतः व्हरांड्यात पुठ्ठ्यानं वारा घेत बसू लागली. लाइन गेली की ती घरातले पंखे बंद करत धावायची, इन्व्हर्टर कंप्युटरला पुरला पाहिजे म्हणून. मी अमरावतीत असले तरी रोज दुपारी फोन करायचे. वहिनीची चौकशी करायचे, आणि कान मागच्या घरघरीकडे. एक दिवस ती घरघर बदलली. मध्येच टक्… टक्… असा आवाज. मी पल्लवीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, डिस्क जायला आली आहे. मी निघते."

पल्लवी पाकिटाएवढी नवी डिस्क घेऊन आली, मीही पोचले. वहिनी दारात उभी. "माऊसले हात लावाचा नाई."

"वहिनी, दादा पुरं होऊ दे म्हणाला होता ना? झालं आहे पुरं. तसं लिहिलंय तिथं."

"मले मालूम हाये, ताई. त्याच दिवशी झालं होतं. दवाखान्यातून आली तवा पाह्यलं मी, सगळं निळं. पण बंद तं तेच करत होते ना."

मी तिचा हात धरून बसले. शेवटी ठरलं ते असं, की ती चौकट तशीच उघडी ठेवायची आणि तिच्यामागे फोटो नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. पल्लवीनं सुरुवात केली. हिरवी रेघ मुंगीच्या चालीनं सरकत होती. टक्… टक्… चालूच. प्रत्येक आवाजाला मला आईचा पदर दिसायचा. रेघ निम्म्यावर आली असेल नसेल, लाइन गेली. आम्ही पंखे, कूलर बंद केले, घामानं निथळत बसलो. लाइन काही येईना. इन्व्हर्टर ओरडू लागला. पल्लवी रडवेली झाली. "आई, हे असंच झटक्यात बंद पडलं तर डिस्क कायमची जाईल वं. नीट बंद करावं लागते."

मी वहिनीकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. तीच उठली, दादाच्या स्टुलावर बसली, माऊस धरला. बाण चौकटीवरून दोनदा निसटला. मग तिनं बटन दाबलं. चौकट गेली. पुढचं पल्लवी सांगत गेली, वहिनी करत गेली. घरघर थांबली आणि त्या घरात किती शांतता आहे ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. तेव्हा वहिनी रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळं, मोठ्यानं.

संध्याकाळी लाइन आली. पल्लवीनं बटन दाबलं, आणि काही नाही. टक्. पुन्हा टक्. माझ्या तोंडून "दादा, अरे पाह्य ना रे" असं निघून गेलं, आणि पडदा उजळला. उरलेले फोटो आले. पदर तोंडाशी नेत हसणारी आई आली. आता प्रती दोन आहेत, एक पुण्याला, एक माझ्या कपाटात, वाळवी पोचणार नाही अशा डब्यात. तरी मी आठवड्यातून दोनदा कपाट उघडून पाहतेच.

गेल्या रविवारी मी अकोल्याला होते. दुरुस्तीवाल्यानं त्या कंप्युटरमध्ये दुसरी डिस्क बसवून दिली आहे. आत फारसं काही नाही, जुळवायला तर काहीच नाही, पल्लवीनं तसं फोनवर समजावलंही. वहिनीनं आंघोळ करून डब्यावर शेवंतीचं एक फूल ठेवलं आणि डीफ्रॅग लावलं. टाकीत पाणी नव्हतं. मी बाहेरून विचारलं, "वहिनी, मोटर लावू का?"

तिनं मान वळवली नाही. "चूप बसा, ताई. जुळून राहिलं."

मी हसले नाही. मोटरचं बटन बंद आहे ना, ते जाऊन पाहून आले. मग बादली उचलताना पुन्हा एकदा पाहून आले.