सहा वाजता थांबणारं मशीन

जोतीराम माझ्या वर्गातून बाहेर पडला त्याला चाळीस वर्षं होत आली. गणितात बेताचा होता. पण वर्गातल्या पंख्याचा आवाज जरा बदलला, की फळ्याकडे बघायचं सोडून तो वर बघत बसे. "बाई, पंखा आजारी हाय," असं एकदा म्हणाला आणि सगळा वर्ग हसला म्हणून मी त्याला बाकावर उभं केलं. आठवड्याभरात पंखा बंद पडला. तेव्हापासून मी त्याला पंख्यावरून कधी बोलले नाही.

आता लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन, जे येईल ते. त्याची तपासायची रीत वेगळी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक बाजूला उभं राहून सांगत असतं, ह्याला ते ऐकूही येत नाही.

"गिऱ्हाईकाला काय विचारलं, की तेच मिस्त्री हुतंय बाई," तो मला म्हणाला होता. "कोण म्हणतंय कॉइल जळली, कोण म्हणतंय मोटर गेली. सगळं मोबाइलवर बघून आल्यालं. मशीन खोटं न्हाय बोलत."

तीस वर्षं या रीतीनं त्याचं नीट चाललं. मग यंदाच्या आषाढात माझ्या वरच्या मजल्यावरच्या दीपाचं वॉशिंग मशीन बिघडलं.

दीपा बँकेत आहे. तिची सासू अक्काताई पेठ वडगावहून दोन वर्षांपूर्वी इथं राहायला आली. बाहत्तर वर्षांची, सांधे धरलेले, मनगटं सुजलेली. धुणं पिळणं तिला जमत नाही. सकाळी सहाला उठून मशीन लावणं हे तिनं आपलं काम ठरवून घेतलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ते मशीन रोज सहाला सुरू व्हायचं, दहा-पंधरा मिनिटं पाणी घ्यायचं आणि पीप-पीप करत थांबायचं. माझ्याच सांगण्यावरून दीपानं जोतीरामला बोलावलं.

तो दुपारी बाराला आला. मशीन लावलं. मशीन एखाद्या गुणी मुलासारखं चाललं, पाणी घेतलं, घुसळलं, पिळलं.

"तुला बघितलं की शहाणं हुतंय बघ," अक्काताई म्हणाली. "आमच्या नातवागत. पावणं गेलं की सुरू."

त्यानं पाणी आत येतं तिथली जाळी साफ केली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सहाला मशीन थांबलं.

पुन्हा बाराला आला. पाणी सोडणारा वॉल्व्ह बदलला. सहाला थांबलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा आत किती पाणी भरलं ते ओळखणारा स्विच बदलला, वायरी एकेक करून हलवून पाहिल्या, मागचा पत्रा काढून तासभर कान लावून बसला. मशीन त्याच्यासमोर सुतासारखं सरळ. दुसऱ्या दिवशी सहाला थांबलं.

त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

"बाई, माझा डावा कान गेलाय," तो म्हणाला. "डॉक्टरला दावला. निम्मं ऐकू येतंय म्हणला. घरात कुणाला सांगितलं न्हाय."

"मग उजव्यानं ऐक की."

"उजव्यानंच ऐकतोय. आणि काय बी ऐकू येत न्हाय. कुठं काय बिघडलंय तेच कळंना झालंय." त्यानं कप सरकवला. "पोरगा, सम्राट, सारखा म्हणतोय वारणानगरला चला. कॉलनीत आमच्यासाठी जास्तीची खोली मिळालीया त्याला. दुकान विका, म्हशी विका, नातवंडं सांभाळा. आजपतोर त्याला न्हाय म्हणत आलोय. आता ठरवलंय, ह्या मशीनचं सापडलं न्हाय तर दुकानाला कुलूप. कान गेलेल्या मिस्त्रीनं लोकांची मशीनं कशाला खोलायची?"

तो हे रागानं म्हणाला, पण राग मशीनवर होता की स्वतःवर, ते मला सांगता येणार नाही. मी एवढंच विचारलं, "ते सहाला बिघडतं, तर तू बाराला का येतोस?"

"म्हशी कोण पिळणार?"

"शालू. बायको आहे ना घरात."

"गाभण राह्यलेली सोडा, दुसरी शालूला सड धरू देत न्हाय. लाथ घालती. मी असल्याबिगर पान्हाच सोडत न्हाय."

"एक दिवस नाही सोडला तर काय होईल?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला बाकावर उभा केलेला तो मुलगा आठवला. पण दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तो जिन्यात उभा होता. म्हशीनं पान्हा चोरला होता, शालूबाई बोलली होती, त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं. मला म्हणाला, "चला की वर. एकटा गेलो तर भांडण हुईल."

आम्ही वर गेलो. अक्काताईनं दार उघडलं. तिनं नुकतंच मशीन लावलं होतं. जोतीराम कुणाशी न बोलता मशीनजवळ बसला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मिनिट गेलं. दोन गेली.

"पाणी बारीक पडायलंय," तो डोळे न उघडता म्हणाला. "दुपारी असं पडत नव्हतं."

उठून त्यानं मोरीचा नळ सोडला. धार चांगली जोरात. मग तो मशीनच्या नळाकडे वळला. तोटीला पाइप खटक्यानं बसवलेला होता. नळ बंद करून त्यानं खटका दाबला, पाइप काढला, आणि तोटीच्या तोंडावरून पांढरं, दुहेरी घडीचं, ओलं फडकं त्याच्या हातात आलं.

"आक्का, हे काय?"

"फडकं."

"फडकं ते मला दिसतंय. हितं कुणी लावलं?"

"मी. दुसरं कोण लावणार?"

"कवापासनं?"

"चातुर्मास बसल्यापासनं. नेम घेतलाय. यंदा धुण्याला बी गाळल्यालंच पाणी."

"आणि मी दुपारी येतोय तवा हे कुठं असतंय?"

"दोरीवर. गाळून झालं की फडक्यातलं जीव पाण्यात सोडायचं आणि फडकं धुऊन वाळत घालायचं. वल्लं कोंबून ठेवीन व्हय?"

जोतीरामनं दोरीकडे पाहिलं. जैनाचं घर, पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही; दोरीवर अशी चार-पाच फडकी होती. पिण्याच्या पाण्याचं, स्वयंपाकाचं, देवाचं. घरातली केरसुणी जशी कुणाच्या नजरेत भरत नाही, तशी तीही कुणाच्या नजरेत भरत नसत.

"तीनदा त्या दोरीखालनं वाकून गेलतो मी," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "वॉल्व्ह बदलला, स्विच बदलला, रातभर झोप न्हाय! एकदा तरी सांगायचं की आक्का!"

"तू विचारलंस?" अक्काताईचाही आवाज लहान नाही. "येतोस, मशीनला कान लावतोस आणि जातोस. माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. आणि फडकं काय मशीनचं हाय व्हय? पाण्याचं हाय."

आवाजानं दीपा उठून आली. "आई, मलासुद्धा नाही सांगितलंत तुम्ही."

"तू उठतीस कवा, सांगायला?"

"बरं, आता फडकं काढा म्हणजे झालं," जोतीराम म्हणाला.

"आणि नेम मोडू?"

"मग वरच्या टाकीच्या तोंडाला बांधू. टाकीतलं सगळंच गाळल्यालं."

"गाळल्यालं पाणी दोन घटकाच चालतंय. पाऊण तास झाला की तेच पाणी परत गाळायचं असतंय. टाकी काय पाऊण तासात संपती?"

"मग बादलीनं वता!"

तिनं सुजलेली मनगटं त्याच्यासमोर धरली. फडक्यातून पाणी बारीक येई, मशीन वेळेत भरत नसे, म्हणून ते थांबे; बिघाड सापडला होता आणि दुरुस्त करण्यासारखं मशीनमध्ये काही नव्हतं. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्यानं हत्यारं पिशवीत अशी टाकली, की दीपा मागं सरकली.

जिन्यात तो तिसऱ्या पायरीवर थांबला. "बाई, तोटीच्या तोंडावर फडकं केवढं हुतं? रुपायाएवढं. तेवढ्यातनं पाणी जाणार किती? तेच हातभर असलं तर?"

"जास्त जागेतून जास्त जाईल," मी म्हटलं.

"व्हय की," असं म्हणून तो पुन्हा वर गेला आणि जोतीराम मिस्त्रीनं तीस वर्षांत पहिल्यांदा, मला वाटतं, गिऱ्हाईकाला प्रश्न विचारले. फडकं कुठलं चालतं? शिवलेलं चालतं का? रोज काढायला लागतं, तर तुमच्या हाताला केवढं झाकण फिरवता येईल? अक्काताईनं प्रत्येकाचं सविस्तर उत्तर दिलं. त्यात तिच्या मामाच्या लग्नाचीही एक गोष्ट होती. ती त्यानं पूर्ण ऐकली, दात आवळून.

तीन दिवसांनी तो चार इंची प्लास्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा घेऊन आला. एका टोकाला पाइपाची जोडणी, दुसऱ्याला फिरवायचं मोठं झाकण, आत खादीच्या फडक्याची लांब पिशवी. भिंतीला बसवून नळ सोडला. मशीन भरलं. घुसळायला लागलं. आणि झाकणातून पाणी ठिबकायला लागलं.

त्यानं झाकण काढलं, रबर बदललं, लावलं. ठिबकलं. पुन्हा काढलं.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. हात ओले होते, म्हणून अक्काताईनं तो त्याच्या कानाला धरला.

"उजव्या कानाला, आक्का. डाव्याला न्हाय कळत मला."

सम्राटचा आवाज मलाही ऐकू आला. खोली घ्यायची की नाही, ते त्याला रविवारपर्यंत कॉलनीत सांगायचं होतं.

"न्हाय येत," जोतीराम झाकण आवळत म्हणाला. "दुसऱ्याला जाऊ दे ती खोली... अरं, सापडलंय मशीनचं, कवाच सापडलंय... मग काय? मग हितं पाणी गळतंय! ठेव फोन."

"जास्त आवळू नको, फुटंल," अक्काताई म्हणाली.

तो तिच्यावर खेकसणार होता. थांबला.

"किती आवळू मग?" त्यानं विचारलं.